ॲव्हलांचचं मिडगेट आणि निघणारी मागची काच: वापरणाऱ्यांनी जरा सांगा

चाकोरीबाहेर, डॅलस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचत असतो, आज प्रश्न घेऊन आलोय, जरा लांबलाय तर सांभाळून घ्या.

घरात दोन पोरं, त्यामुळे चार दरवाजे आणि मागे नीट सीट हवीच. पण मला सुतारकामाचा नाद आहे, आणि वर दर गणपतीत मंडळाच्या मखराचं प्लायवूड आणायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, तर चार बाय आठची शीट गाडीत आडवी बसली पाहिजे. दरवेळी भाड्याचा ट्रक घ्यायचा, फॉर्म भरायचा, डिपॉझिट भरायचं, वेळेत परत नेऊन द्यायचा, वीट आलाय त्याचा. आता इथे ओळखीतल्या एकाची २०११ ची शेव्रोले ॲव्हलांच विकायला आहे. तो म्हणतो मागच्या सीटच्या पाठीमागची भिंतच खाली पडते, मागची काच हाताने निघते आणि पिकअपचा बेड सरळ केबिनच्या आत येतो. फोटो बघितले पण डोक्यात काही नीट बसेना.

म्हणजे ती भिंत पडते तेव्हा सीट कुठे जाते? काच काढून ठेवायची कुठे, घरी? एकट्याला जमतं का दोघं लागतात? आणि मुख्य म्हणजे एवढं सगळं उघडणारं प्रकरण असेल तर पावसात पाणी आत येणार नाही हे पटतच नाही मला. ज्यांनी वापरलीये त्यांनीच सांगा, यूट्यूबवाले सगळे गुलाबी चित्र दाखवतात.

पाना_पक्कड, ह्यूस्टन

चाकोरीबाहेर, माझ्याकडे आहे, तुमच्या आधीच्या जनरेशनची, बाहेरून त्या राखाडी प्लॅस्टिकच्या पट्ट्या असलेली. मिडगेटचं काम दोन्हीत जवळपास सारखंच, म्हणून सांगतो.

आधी एक डोक्यात पक्कं करा, भिंत आणि काच ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मागच्या सीटच्या पाठीपासून खाली फ्लोअरपर्यंतचा जो भाग तो मिडगेट, आणि त्याच्या वरची ती काच. भिंत पाडून काच जागेवर ठेवता येते, काच काढून भिंत उभी ठेवता येते, किंवा दोन्ही उघडं. प्लायवूड, पट्ट्या, शिडी असलं चपटं सामान असेल तर काचेला हातही लावायचा नाही, नुसतं मिडगेट पाडायचं, शीट काचेच्या खालून आत सरकते आणि वरून केबिन बऱ्यापैकी बंद राहते. काच काढायची वेळ येते ती उंच सामानाला, कपाट आडवं टाकलं, मोठी कुंडी झाडासकट आणली, असलं काही.

आता क्रम. मागच्या सीटची गादी पुढे उचलून उभी करायची, पुढच्या सीटच्या पाठीला टेकते ती. मग सीटची पाठ त्या रिकाम्या जागेत पुढे आडवी पाडायची. इथपर्यंत कुठल्याही हॅचबॅकसारखंच. आता तुमच्यासमोर मिडगेटची आतली बाजू उघडी पडते. काच काढायची असेल तर आत्ताच, मिडगेट पाडायच्या आधी. वरच्या बाजूला लॅच आहेत ते सोडवायचे, काचेचं वरचं टोक मोकळं होतं, मग दोन्ही हातांनी धरून वर उचलली की खालच्या खोबणीतून सुटते. आणि ठेवायची कुठे तर मिडगेटच्याच आतल्या बाजूला तिच्यासाठी जागा केलेली आहे, तिथे उभी सरकवायची आणि अडकवायची. घरी वगैरे काही ठेवायला लागत नाही, काच कायम गाडीतच. हे ज्याने डिझाईन केलं त्याला माझा नमस्कार, कारण प्रवासात ढग आले तर गाडी कडेला घेऊन काच परत बसवता येते.

मग मिडगेटचं हँडल फिरवायचं, ते आतूनच आहे, बाहेरून कुणाला उघडता येत नाही, आणि भिंत पुढच्या बाजूला पाडायची. बिजागरी खाली आहे त्यामुळे ती त्या पडलेल्या सीटच्या पाठीवर जाऊन आडवी झोपते. आता गंमत बघा, भिंतीची जी बाजू बेडकडे होती ती वर येते आणि तीच तुमची जमीन होते, बेडसारखीच टणक, वर ओरखडे पडले तरी चालतील अशी. काच तिच्या पोटाखाली सुरक्षित. सीटच्या कापडाला लाकूड लागतच नाही.

मापं म्हणाल तर नुसता बेड साधारण ५ फूट ३ इंच आणि मिडगेट पाडल्यावर ८ फूट १ इंचाच्या आसपास. म्हणजे आठ फुटी शीट टाकून मागचं टेलगेट बंद होतं! लाल फडकं बांधायची गरज नाही. चाकांच्या उंचवट्यांच्या मधे चार फुटी शीट सपाट बसते.

एकट्याने जमतं. काच जड नाही म्हणणार नाही पण अवघड तिचं वजन नसून तिची रुंदी आहे, केबिनमधे वाकून पसरलेल्या हातांनी उचलायची असते, पहिल्यांदा कुणाला तरी दुसऱ्या बाजूने धरायला सांगा. आणि हिवाळ्याच्या सकाळी करू नका, रबर गारठून कडक झालेलं असतं, काच सोडतच नाही. उन्हात गाडी तासभर उभी राहिली की लोण्यासारखं.

पाण्याचं संध्याकाळी लिहितो, तो मोठा विषय आहे, कामावर निघालोय.

शिल्पा_नोव्हाय, मिशिगन

मला कुणी विचारलेलं नाही तरी सांगते 🙂 दोन मुलं आणि चार बाय आठची शीट हीच गरज असेल तर मिनीव्हॅन घ्या. होंडा ओडिसीमधे मधली सीट काढली आणि तिसरी जमिनीत घडी केली की शीट सपाट आत जाते, क्रायस्लर पॅसिफिकाच्या काही मॉडेल्समधे तर मधल्या सीटसुद्धा जमिनीत जातात, काढून गॅरेजमधे ठेवायला नकोत. पाऊस लागत नाही, कुलूप लागतं, पेट्रोल कमी पितं. आमच्याकडे मंडळाचं सगळं स्टेज व्हॅनमधूनच जातं. पण पुरुषांना व्हॅन म्हटलं की का कोण जाणे तोंड वाकडं होतं.

चाकोरीबाहेर, डॅलस

शिल्पाताई, बायको पण हेच म्हणते शब्द न शब्द, तुम्ही बोलून तर नाही ना घेतलं? पण मला ओली माती, पालापाचोळा, जुन्या कुंपणाच्या सडक्या फळ्या हे पण न्यायचं असतं, ते व्हॅनमधे टाकलं की आठवडाभर घरात शांतता.

पाना_पक्कड, फारच भारी समजावलंत, आत्ता कुठे चित्र डोळ्यासमोर आलं. दोन उपप्रश्न. मिडगेट अर्धंच पाडता येतं का, म्हणजे एका पोराला मागे बसवून बाजूने सामान? आणि इतकी सोयीची गोष्ट असेल तर बाकीच्या पिकअपवाल्यांनी का नाही दिली? फोर्ड, रॅम, टोयोटा कुणाकडेच दिसत नाही.

गाडीवान_पुणे, चिंचवड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, गाड्यांच्या बॉडीवरच काम करतो, ॲव्हलांच कधी चालवलेली नाही पण तिची बॉडी हा आमच्या धंद्यातला आवडीचा विषय आहे.

नेहमीची पिकअप जवळून बघा. केबिन आणि मागचा बेड यांच्यामधे बोटभर ते चार बोटं फट असते. ती उगाच सोडलेली नसते. खाली लांब शिडीसारखी चॅसी, तिच्यावर केबिन वेगळी बसवलेली आणि बेड वेगळा. गाडी खड्ड्यातून तिरकी गेली की चॅसी पिळते, आणि केबिन एका बाजूला झुकते तर बेड दुसऱ्या बाजूला, तुम्ही मागून चालत असाल तर त्या दोघांच्या कडा एकमेकींपासून सरकताना सरळ डोळ्यांना दिसतात. आता अशा दोन हलत्या डब्यांमधे तुम्ही दार कापलंत तर ते दार सील कसं होणार? आज बसलं उद्या पाणी, परवा आवाज, आणि लॅच धरणारच नाही.

ॲव्हलांच मुळात पिकअप म्हणून सुरूच झालेली नाही. ती शेव्रोलेच्याच सबर्बन या मोठ्या एसयूव्हीवर बेतलेली आहे, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, तोच १३० इंच. सबर्बनचं छप्पर मागून कापून बेड केला असं समजा, पण खालची बॉडी एकसंध ठेवली, केबिन आणि बेड एकाच तुकड्यात, चॅसीवर एकत्र बसवलेलं. फट नाही. म्हणून मधे भोक पाडायची हिंमत झाली.

पण भोक पाडलं की किंमत मोजावी लागतेच. केबिनची मागची भिंत ही नुसती भिंत नसते, पूर्ण केबिनला पिळण्यापासून ती अडवते. रिकाम्या खोक्याचं झाकण उघडं ठेवून कोपरे दाबून बघा, डुगडुगतं, झाकण लावलं की घट्ट. ते झाकणच काढून घेतल्यावर ताकद दुसरीकडून आणायला लागते. तुम्ही फोटोत बघितलं असेल, छपराच्या मागच्या कोपऱ्यातून तिरके उतरत जाणारे जाड पंख बेडच्या कडांना मिळतात. बऱ्याच लोकांना ती नुसती स्टाईल वाटते, कुणाला कुरूप वाटते, पण ते पंख काम करतात, वरच्या छपराला आणि मागच्या बेडला एकत्र धरून ठेवतात. त्याची शिक्षा म्हणजे लेन बदलताना मागच्या कोपऱ्यातलं दिसत नाही, आणि बाजूने हात घालून बेडमधलं पुढचं सामान उचलता येत नाही.

बाकीच्या कंपन्यांना हे करायचं तर अख्खी वेगळी बॉडी करायला लागली असती. एकाच चॅसीवर छोटी केबिन, मोठी केबिन, छोटा बेड, लांब बेड अशी जोडाजोडी करून त्यांचा धंदा चालतो, एकसंध बॉडी केली की ती मोकळीक गेली. जीएमकडे, म्हणजे शेव्रोलेची मालक जनरल मोटर्स, तिच्याकडे सबर्बनची बॉडी आयती होती म्हणून त्यांना परवडलं. त्यांनीच मग तोच प्रकार कॅडिलॅकच्या एस्कलेड ईएक्सटीमधे दिला आणि पुढे हमर एच२ च्या पिकअपमधे पण. दोन्ही ॲव्हलांचच्या आगेमागेच आल्या आणि गेल्या. ॲव्हलांच स्वतः २००२ च्या मॉडेलपासून २०१३ पर्यंत, मेक्सिकोतल्या सिलाओच्या कारखान्यात.

सातारी_तडका

काका लोक, मी फलटणचा, शेती आहे, विषय वाचून मधे पडतोय राग नसावा. आमच्याकडे डबल केबिनची कॅम्पर आहे, पाच माणसं बसतात आणि मागं हौदा. ठिबकचे पाईप आणायचे म्हटलं की पाईप कॅबिनच्या टपावरनं बांधून आणायचे, पुढं बॉनेटवर अर्धे मागं अर्धे, वाऱ्यानं नुसते थडाथड वाजतात. हे असलं मधलं गेट आपल्या गाडीला गॅरेजवाल्याकडनं पाडून घेतलं तर? आमचा एक पोरगा आहे वेल्डिंगवाला, हात लई चांगला आहे त्याचा, हौद्याची पूर्ण बॉडी करतो.

गाडीवान_पुणे, चिंचवड

दादा, वेल्डिंगवाल्याच्या हाताबद्दल शंका नाही पण हे अजिबात करू नका. वर लिहिलंय ना, कॅम्परची केबिन वेगळी आणि हौदा वेगळा, दोघं आपापले हलतात. मागची भिंत कापलीत की केबिन सैल पडणार, दारं नीट लागायची बंद होतील, काच तडकेल, आणि गाडी उलटली तर छपराला धरायला मागे काहीच नाही. मागच्या सीटचे पट्टे, सीटची पाठ, हे सगळं त्याच भिंतीच्या भरवशावर असतं.

दुसरं, कायद्यानेही चालणार नाही. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ मापांमधे, बांधणीमधे असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे बसत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्ट केलंय. आरटीओने पासिंगला अडवली तर अडवली, पण अपघात झाला आणि विम्यावाल्याने कापलेली भिंत बघितली तर तो हात वर करणार.

आणि तिसरं म्हणजे तुमचा पाईप २० फुटी असणार, ६ मीटरचा. ॲव्हलांच आणून दिली तरी मिडगेट पाडून आठ फूट! पाईपला टपच बरा. वाजतात त्याला उपाय एकच, मधे पोतं घालून तीन ठिकाणी आवळा, दोन ठिकाणी नाही. ठिबकची लॅटरल, ती बारीक नळी, तर गुंडाळीतच येते, ती हौद्यात टाका.

सातारी_तडका

बरं झालं विचारलं, नायतर ह्या आठवड्यात कटर लागलाच असता 😄 पोतं घालून बघतो.

पाना_पक्कड, ह्यूस्टन

आलो. चाकोरीबाहेर, तुमचा पहिला प्रश्न, नाही, ॲव्हलांचचं मिडगेट अख्खं एकच आहे. सीट ६०:४० मधे वेगळ्या पडतात पण भिंत एक तुकडा, पाडायची तर मागची दोन्ही सीट गेली. म्हणजे प्लायवूड आणायच्या दिवशी पोरं घरी, आणि कार सीट लावलेल्या असतील तर त्या आधी सोडवून काढायच्या, तेच खरं कंटाळवाणं काम आहे, मिडगेट नाही. बाकी सगळं मिळून पाच मिनिटांचं पण नाही.

आता पाणी. लोकांचा समज असतो की रबराने पाणी अडवायचं. रबर अडवतं पण तेवढ्यावर भरवसा ठेवलेला नाही. थोडं पाणी पलीकडे येणारच हे धरून चालून त्याला जायला वाट करून दिलीये. बेडच्या पुढच्या टोकाला, मिडगेटच्या पायथ्याशी पन्हळ आहे, तिथून पाणी नळ्यांमधून गाडीच्या खाली पडतं. बेडच्या बाजूंच्या भिंतींमधे ते झाकणवाले खण आहेत त्यांना पण तळाला भोकं आहेत, बर्फ आणि थंड पेयं भरायला लोक वापरतात, पाणी आपोआप जातं.

आता झाडाखाली लावलेली गाडी घ्या. पानं, धूळ, पाइनच्या सुया सगळं त्या पन्हळीत, नळी तुंबली, पाणी साठलं, पातळी वर आली आणि आत सांडलं. मग मालक सांगत फिरतो की मिडगेट गळतं. दहातल्या किती तरी गाड्यांत रबर ठीक असतं आणि नळीत मुठभर चिखल. दुसऱ्या बाजूने जुन्या गाडीत रबर खरंच गेलेलं पण असतं, प्रेशर कुकरची जुनी रिंग कशी चपटी आणि कडक होते, दिसायला आहे पण दाब धरत नाही, तसं. बोटाने दाबून बघायचं, परत वर आलं तर जिवंत आहे.

बेडवरती तीन तुकड्यांचं कडक झाकण येतं, ते सगळं जागेवर असेल तर पावसाचं बरंच पाणी बेडमधे येतच नाही आणि मिडगेटवरचा भार कमी होतो. म्हणून गाडी बघताना ते तीनही तुकडे आहेत का, त्यांच्या कडेची रबरं आहेत का हे बघा. एखादा हरवलेला असेल तर वेगळा मिळवताना दम निघतो आणि किंमत ऐकून अजूनच.

आणि एक गोष्ट यूट्यूबवाले सांगत नाहीत ती सांगतो कारण तुमची पोरं आहेत. मागची काच काढून किंवा मिडगेट पाडून हायवेला जाताना एक्झॉस्टचा धूर केबिनमधे येऊ शकतो. तुम्हाला वाटेल पुढे पळणाऱ्या गाडीत धूर मागेच राहणार, पण पळणाऱ्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी होते, हवा तिथे गरगर फिरते आणि पुढे ओढली जाते, सोबत सायलेन्सरचं जे काही असेल ते. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळत नाही. गाडीच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय की असं चालवायचंच असेल तर बाकीच्या खिडक्या बंद, एसीचा पंखा फुल आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या सेटिंगवर, रिसर्क्युलेशन अजिबात नाही. आतून हवेचा दाब बाहेर राहतो, मग मागून आत येत नाही. जुन्या गाडीचा सायलेन्सर गळका आहे का हे त्यासाठी पण बघायचं.

शिल्पा_नोव्हाय, मिशिगन

हे धुराचं खरंच महत्त्वाचं लिहिलंत. व्हॅनची डिकी अर्धी उघडी बांधून लांब सामान नेतात त्यांना पण हेच लागू, आमच्या मंडळात दर वर्षी कुणीतरी करतंच. त्यांना लिंक पाठवते.

चाकोरीबाहेर, डॅलस

धुराचं डोक्यातच नव्हतं आलं. पोरं गाडीत असतील तर काच बंदच ठेवायची हे ठरलं.

अजून एक, शीट आत घातली की तिचं पुढचं टोक पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत येतं ना? जोरात ब्रेक मारला तर?

पाना_पक्कड, ह्यूस्टन

येतंच, पुढच्या सीटच्या अगदी मागे. पाऊण इंची प्लायची एक शीट तीसेक किलो धरा, तुम्ही मखरासाठी सहा घेतल्यात की झाले पावणेदोनशे, आणि सगळ्यांची धार तुमच्या पाठीच्या मणक्याकडे. बेडमधे हुक दिलेत, रॅचेट पट्ट्यांनी मागच्या दिशेने आवळायचं, नुसतं वरून दाबून नाही. पट्टा शीटच्या पुढच्या टोकावरून फिरवून मागच्या हुकाला गेला पाहिजे, म्हणजे ब्रेक मारला की पट्टा ताणतो आणि शीट जागेवर. खाली जुनं रबराचं मॅट टाकलं तर निम्मं काम तिथेच होतं, प्लॅस्टिकवर प्लायवूड बर्फासारखं सरकतं.

बॅटरीवाला_बापू, फ्रीमाँट

सगळे जुन्यावरच अडकलेत म्हणून नवीन सांगतो. मिडगेट परत आलंय, शेव्रोलेच्याच इलेक्ट्रिक सिल्व्हराडो पिकअपमधे. जीएमने २०२२ च्या जानेवारीत दाखवली होती आणि २०२४ च्या मॉडेलपासून रस्त्यावर आहे, जीएमच्याच जीएमसी ब्रँडच्या सिएरा ईव्हीमधे पण तोच प्रकार. यात तुम्ही विचारलेलं आहे, भिंत ६०:४० अशी दोन तुकड्यांत पडते, म्हणजे एका बाजूने लांब सामान आणि एका बाजूला पोरगं बसलंय. काच पण निघते. बेड ५ फूट ११ इंच, मिडगेट पाडून नऊ फुटांच्या आसपास आणि टेलगेट उघडून त्याचा अडसर वापरला तर १० फूट १० इंचांपर्यंत म्हणतात.

गाडीवान साहेबांचा मुद्दा इथे पण लागू पडतो, यात पण केबिन आणि बेड एकसंध आहे, खाली बॅटरीचा मोठा सपाट ठोकळा आणि सगळी बॉडी त्याच्याभोवती, म्हणून परत जमलं. पेट्रोलच्या सिल्व्हराडोत आजही मिडगेट नाही, बॉडी वेगळी. फक्त एक सांभाळा, स्वस्त वर्क ट्रक ट्रिममधे, म्हणजे सगळ्यात साध्या प्रकारात, मिडगेट नसतं, वरच्या ट्रिममधे असतं. नाव तेच, गाडी तीच वाटते आणि मागे बघावं तर सरळ भिंत.

चाकोरीबाहेर, डॅलस

बापू, तिची किंमत बघितली, त्यात माझ्या बजेटच्या चार ॲव्हलांच येतील आणि मखर पण.

गाडीवान_पुणे, चिंचवड

नवीन मॉडेल्सचा विषय निघालाच आहे तर एक जुनी आठवण पण काढतो, जीएमसीची एन्व्हॉय एक्सयूव्ही, २००४-०५ मधे आली होती. तिच्यात मिडगेट होतंच पण वर मागच्या भागाचं छप्परच सरकून उघडायचं. उभा फ्रीज ठेवता येईल म्हणून जाहिरात करायचे. वापरणारे किती निघाले कोण जाणे, दोन वर्षांत बंद. आणि सुबारूची बाहा होती, तिच्यात सीट पाडून मागे छोटं दार उघडायचं, पण काच जागेवरच पक्की आणि दार एवढंसं, सर्फबोर्ड किंवा स्की जाईल, शीट नाही. हे सगळं बघितलं की कळतं, ॲव्हलांचवाल्यांनी आठ फुटांचं माप आधी धरलं आणि मग गाडी काढली. बाकीच्यांनी गाडी काढून मग भोक कुठे पाडता येईल ते बघितलं.

चाकोरीबाहेर, डॅलस

वा, हे शेवटचं पटलं. शनिवारी गाडी बघायला जातोय. पाना_पक्कड, नक्की काय काय तपासू, एकदा क्रमाने सांगाल का? मालक भला माणूस आहे पण त्याला स्वतःलाच मिडगेट शेवटचं कधी उघडलं ते आठवत नाही.

पाना_पक्कड, ह्यूस्टन

तेच तर बघायचं. वर्षानुवर्षं न उघडलेलं मिडगेट हा खरा प्रॉब्लेम, वापरलेलं नव्हे. रबर एका जागी चिकटून बसतं, लॅच गंजून अडतात, आणि पहिल्यांदा जोर लावून उघडलं की रबराचा तुकडा पत्र्यालाच राहतो. म्हणून मालकाला सांगा स्वतःच्या हाताने उघडून दाखव, तुम्ही जोर लावू नका, तुटलं तर तुमच्या डोक्यावर.

गेल्या गेल्या दार उघडून मागच्या सीटच्या खाली नाक घाला. कुबट वास आला तर पाणी येऊन गेलंय, मग मॅट उचला आणि खालचा फेल्ट हाताने दाबा, कार्पेट वरून कोरडं दिसतं आणि खालचा थर महिनोन्महिने ओला असतो. अत्तराची पुडी टांगलेली असेल तर अजूनच शंका घ्या. मग काच काढायला लावा, परत बसवायला लावा, बसल्यावर दोन्ही बाजूंचे लॅच सारख्या ताकदीने बंद होतात का बघा. एक बाजू सैल असेल तर चालताना बारीक टकटक ऐकू येईल, आणि तिथूनच पाणी.

सगळं बंद करून पाईपने पाणी मारा, पण जोरात नाही, प्रेशर वॉशर तर नकोच, त्याने चांगलं रबर पण गळेल. बेडच्या पुढच्या टोकाला, मिडगेटच्या पायथ्याशी साधं पाणी सोडून ठेवायचं आणि तुम्ही गाडीखाली वाकून बघायचं, दोन्ही बाजूंनी खाली धार लागली पाहिजे. एका बाजूने येतंय आणि दुसरीकडे कोरडं म्हणजे तिथली नळी तुंबली. ते घाबरायचं कारण नाही, गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी खालून सरकवली की बहुतेक वेळा मोकळं होतं. तार घालू नका, नळी आतून फाटते आणि मग पाणी खांबाच्या आत.

२०११ ची म्हणजे दुसरी जनरेशन, तिच्यावर ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं लचांड नाही, एक कटकट कमी. इंजिन ५.३ लिटरचं व्ही-८ असणार, हायवेला काही सिलेंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवणारं, त्यात ऑइल कमी होतंय का याकडे लक्ष द्या, डिपस्टिक काढून बघा आणि गार इंजिन स्टार्ट करताना टकटक येतेय का कान देऊन ऐका, म्हणून गाडी तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवू नका असं मालकाला आधीच सांगा. गॅलनला पंधरा-सोळा मैल धरून चाला. चालवायला मात्र पिकअपसारखी आदळत नाही, मागे पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत, सबर्बनचं रक्त.

घेतलीत तर सगळी रबरं एकदा पुसून सिलिकॉनचं ग्रीस हलकं लावा, पेट्रोलियम जेली नाही, रबर फुगतं त्याने. आणि वर्षातून दोनदा तरी काम नसताना पण मिडगेट पाडून परत लावत जा.

चाकोरीबाहेर, डॅलस

सगळं उतरवून घेतलं. नायलॉन दोरी आणि टॉर्च गाडीत टाकलीये. मालकाला फोन केला, म्हटलं इंजिन गार ठेवा, तर म्हणाला बॅटरीच उतरलीये, गारच असणार.

शिल्पा_नोव्हाय, मिशिगन

शनिवारी जंपर केबल पण घेऊन जा मग. आणि ओडिसी कधीही बघायला मिळेल, आमच्या गल्लीतच तीन आहेत.